वरचा जबडा

लातूरच्या दवाखान्यात दीड वर्षाच्या पोरीचं तोंड तपासून डॉक्टरबाई म्हणाल्या, "फाटलेला ओठ छान जुळलाय. पण टाक्यांच्या ताणानं वरचा जबडा मागं राहू शकतो. मोठी होईस्तोवर दरवर्षी आणा. घरात आणखी कुणाला होतं का असं?"

"आमच्यात न्हाई. हिच्या माहेराकडचं हाय ते," सासू लगेच म्हणाली. "अन् ओठ शिवलाय की आता. कशाला चकरा?"

पोरीच्या जन्मापासून तिची आई उज्वला हेच ऐकत आली होती. डॉक्टरबाई तिच्या नवऱ्याकडं बघत होत्या. खालचा जबडा पुढं आलेला, वरचा आत, त्यावर झुपकेदार मिशी, मिशीआड ओठावर जुना व्रण.

"त्याला लहानपणी बैलानं शिंग मारलंय," कुणी न विचारताच सासूनं सांगितलं. नवऱ्यानं मान खाली घातली.

"आत्याबाई," लेकीचा ओठ पदरानं पुसत उज्वला म्हणाली, "पोरीला मिशी येणार न्हाई."