ओट्याचं माप

नव्या घरातला ओटा बघून हेमांगीचा पारा चढला. जेमतेम तिच्या मांडीला लागत होता! या घरात स्वयंपाक करणार श्रीरंग, तिचा ताडमाड नवरा. "गवंड्यानं वाट लावली रे! वाकून वाकून तुझी कंबर मोडेल. तोडायला सांग."

"माप मीच दिलंय," तो म्हणाला.

"डोकं फिरलंय का तुझं?" म्हणत ती मागच्या दाराशी गेली आणि थबकली. बागेत उतरायला तिनं हौसेनं सांगितलेल्या पायऱ्या नव्हत्याच. तिथे लांबलचक उतार होता. दारही भलतंच रुंद. तिनं वळून त्याच्या पायांकडे पाहिलं.

"तुझ्या पायांचे रिपोर्ट नॉर्मल आले होते ना?"

श्रीरंगनं ओट्यावरून हात फिरवला. "डॉक्टर म्हणतात, अजून वर्षभर चालता येईल. आमटी त्यानंतरही मीच करणार. बसून."