सजवलेली जीप

पहिला किलोमीटर संपला तसे श्रीशैलअप्पा थांबले आणि मागून येणाऱ्या जीपला त्यांनी हात केला. फोटो काढून झाले होते.

जीप त्यांचीच होती. बॉनेटवर झेंडूचे हार, दारांवर आडवे हार, मागच्या सीटवर देणग्यांची पेटी. जळकोट ते नळदुर्ग मॅरेथॉन, लहान मुलांच्या दवाखान्यासाठी. सकाळी माइकवर अप्पांनीच सांगितलं होतं, "मी जितके किलोमीटर पायी काढीन, तितक्या खाटा दवाखान्याला माझ्याकडून." टाळ्या पडल्या होत्या. त्यांच्या पोटाकडं बघून एक-दोघं हसलेही होते.

मल्लेश ड्रायव्हरनं जीप शेजारी आणून उभी केली. अप्पा दाराच्या कडीला हात घालणार, तोच एक बाई मधे आली. पंचेचाळिशीची असेल. इरकल लुगड्याचा काचा मारलेला, पायात कापडी बूट, छातीवर टाचलेला नंबराचा कागद. उभ्या जागी तिचे पाय चालूच होते.

"अप्पा, गाडी सजवल्याली हाय," ती म्हणाली. "हार चुरगाळतील."

रस्त्याच्या कडेच्या शाळकरी मुली खिदळल्या. मोबाइलवर शूटिंग करणारे हसले. मग अप्पांनाही हसावं लागलं.

"पायी काढा की. जवळच हाय."

एवढ्या लोकांसमोर गाडीत कसं बसणार? अप्पा पुन्हा पळू लागले. ती बाई, जगदेवी, त्यांच्या उजव्या खांद्याशी, अर्धं पाऊल मागं. या अर्ध्या पावलासाठी ती सहा महिने शेताच्या बांधावरून धावली होती. "ज्वारीवरची पाखरं हाकलायला पळती का गं?" म्हणून बायांनी थट्टा केली होती.

दुसऱ्या किलोमीटरला अप्पांचा सदरा पाठीला चिकटला. तिसऱ्याला त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. जगदेवीच्याही गळ्यात होतं. तिनं आपल्या मुठी मोकळ्याच ठेवल्या.

आपण कोणत्या मुलासाठी धावतो, ते प्रत्येकानं नंबराखाली लिहायचं होतं. अप्पांच्या कागदावर छापून आलेलं होतं, 'सर्व बालकांसाठी'. चौथ्या किलोमीटरला पाण्याचा पेला घेताना त्यांची नजर तिच्या कागदावर पडली. बॉलपेननं, दोनदा गिरवून लिहिलं होतं, 'शिवलीला, वय चार'.

अप्पांनी तिच्या तोंडाकडं बघितलं. मग पुन्हा कागदाकडं.

"तू... धोंडप्पाची जगदेवी?"

"व्हय. तुमच्या शिवकुमारचं लगीन होतं त्या दिवशी. गाडी अशीच सजवल्याली. पोरगी माझ्या खांद्यावर, तापानं फणफणल्याली. नळदुर्गला दवाखान्यात न्यायची व्हती. नवरदेव बसायच्या आधी गाडीत दुखणेकरी बसवत न्हाय, म्हणले तुमी. हार चुरगाळतील, म्हणले. पायी काढ, जवळच हाय, म्हणले."

अप्पांनी पेला खाली ठेवला. "रीत हाय ती, जगदेवी... म्या काय..."

"रीतच की. म्या कुठं न्हाय म्हणते? चला."

त्यानंतर अप्पांनी जीपकडं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तरी मधे जगदेवी होती. पाचव्याला ते पळणं सोडून चालायला लागले, तशी तीही चालायला लागली. मल्लेशनं जीप जवळ घेतली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काकू, मालकाला बीपी हाय. काय कमीजास्त झालं म्हंजी?"

"तिला बी ताप होता."

मल्लेशनं डोकं आत घेतलं.

सहावा दगड गेला आणि अप्पांचा पाय मुरगळला. ते झोकांडले. अप्पा पडले तर पडू द्यायचं, हात म्हणून लावायचा नाही, हे जगदेवीनं कधीच ठरवून ठेवलं होतं. पण हा माणूस इथंच पडला तर? तिनं झटक्यात अप्पांच्या दंडाला धरलं आणि उभं केलं. तिची बोटं दंडात रुतली.

"आत्ता न्हाय, अप्पा," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "थोडंच राहिलंय."

बाईनं म्हाताऱ्याला सावरलं म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिनं दंड सोडला नाही. अप्पा ओढल्यासारखे चालत होते. त्यांचा श्वास भात्यासारखा वाजत होता आणि ओठांच्या कडांना पांढरं जमलं होतं. डाव्या हाताला एक मोरी आली. मोरीखाली पाणी नव्हतं. कठड्याशी एक वाकडी बाभळ होती.

तिथं जगदेवी थांबली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचे पाय थांबले.

"सात!" मागून कुणीतरी ओरडलं. "अप्पांच्या सात खाटा!"

अप्पा कठड्याला टेकले. त्यांनी बाभळीकडं बघितलं, मोरीकडं बघितलं.

"पोरगी... हितं?"

"हितं."

जगदेवीनं हात करून जीप बोलावली. दारावरचा हार तिनं दोन्ही हातांनी, एक फूलसुद्धा न चुरगाळता बाजूला केला आणि दार उघडून धरलं.

"बसा आता," ती म्हणाली. "हितून पुढं मला बी गाडी लागली न्हवती."