बोलायचं नसतं

बेसबॉलच्या सामन्यातला सातवा डाव संपवून ट्रेंट कुबियाक बाकाच्या टोकाला जाऊन बसला, आणि त्याच्या शेजारची चार माणसांची जागा आपोआप मोकळी झाली. समोरच्या संघाला त्यानं अजून एकही धड फटका मारू दिला नव्हता; झेल गेला तर तो फटका धरत नाहीत. अशा वेळी पिचरशी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याशी, कोणी बोलत नाही. त्याच्याकडे बघतही नाही, आणि जे घडतंय त्याचं नाव तर चुकूनही घेत नाही, दृष्ट लागते. चर्चमध्येसुद्धा ज्यांचं तोंड बंद नसतं ती पोरं उकडलेल्या शेंगा सोलत मुकाट बसली होती.

कोच गस हॅलरन पायरीवर उभा होता. तोही गप्प होता, पण त्याचं कारण वेगळं होतं. हा धाकटा संघ ज्याच्या मालकीचा होता, त्या मुख्य क्लबाच्या ऑफिसातून सकाळी फोन आला होता. गेल्या आठवड्यात ड्राफ्ट झाला, मोठ्या क्लबांनी शाळा-कॉलेजांतले नवे खेळाडू वाटून घेतले. त्यातला एक पिचर उद्या इथे, टेनेसीत, हजर होणार होता. येणाऱ्याला जागा हवी, तर कोणीतरी जायला हवं. ट्रेंट सत्तावीस वर्षांचा होता. त्यालाही एकेकाळी ड्राफ्टमध्येच घेतलं होतं, पण पार शेवटी, जिथे डोळे झाकून नावं उचलतात तिथे. तेव्हा जायचं ते त्यानंच. आजच्या आज सांगून टाक, असं ऑफिसनं बजावलं होतं.

दुपारी सांगता आलं असतं. ट्रेंट समोरच बूट घासत बसला होता. रोज या वेळी गस त्याच्या खटारा गाडीवरून त्याची टर उडवायचा आणि ट्रेंट गसच्या पोटावरून. आज गस खाली मान घालून पुढे निघून गेला. एकदा शेवटचं फेकू दे बिचाऱ्याला, मग बघू, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे त्याची जीभ रेटली नव्हती.

आपल्या संघाची फलंदाजी सुरू झाली तसा तो मागच्या बोळात गेला आणि त्यानं ऑफिसला फोन लावला. पलीकडे प्रेस्कॉट नावाचा तरुण साहेब होता. गसनं त्याला काय चाललंय ते सांगितलं, दृष्टीची भीती बाजूला ठेवून स्पष्ट शब्दांत सांगितलं.

"छानच की," साहेब म्हणाला. "वेग किती दाखवतंय यंत्र?"

"अठ्ठ्याऐंशी मैल."

"उद्या येतोय तो सत्त्याण्णवनं फेकतो, गस."

"सत्त्याण्णववाले इथे रग्गड मार खाऊन गेलेत. याला आज कोणी शिवलेलं नाही."

"मग माझ्यातर्फे त्याचं अभिनंदन कर," साहेब म्हणाला. "आणि ते दुसरंही सांग."

गस परत पायरीवर येऊन उभा राहिला. ऊन भाजून काढत होतं. ट्रेंट मानेवर ओला टॉवेल टाकून जमिनीकडे बघत होता. एखादा फटका बसला तर बरं होईल, सांगायला सोपं जाईल, असा विचार गसच्या मनात आला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

फटका बसलाच नाही. नवव्या, म्हणजे अखेरच्या डावातल्या शेवटच्या फलंदाजानं चेंडू उंच उडवला, मधल्या खेळाडूनं दोन पावलं मागे सरून तो झेलला आणि सगळं मैदान ओरडत उभं राहिलं. पोरांच्या जिभा एकदम सुटल्या. त्यांनी बर्फाच्या पाण्याचं पिंप ट्रेंटच्या डोक्यावर उपडं केलं, त्याला खांद्यावर घ्यायला गेली आणि पाडलं. गसनं लांबूनच टाळ्या वाजवल्या आणि तो आपल्या खोलीत जाऊन बसला.

त्या खोलीचं दार कायम उघडं असायचं. ते फक्त एकाच प्रकारच्या बोलण्यासाठी बंद व्हायचं, आणि ते बोलणं कोणतं हे संघात काल आलेल्यालाही ठाऊक होतं.

ट्रेंटला बोलावणं धाडायचा धीर गसला होत नव्हता. तेवढ्यात तो आपणहूनच आला, नखशिखांत निथळत. त्यानं सामन्याचा शेवटचा चेंडू टेबलावर ठेवला.

"हा तुमच्याकडे राहू दे, कोच."

"माझ्याकडे कशाला? तुझा आहे तो."

"पोरांनी पाचव्या डावानंतर तोंडं मिटली. तुम्ही दुपारपासून." ट्रेंट हसला. "गाडीवरून एक शब्द नाही, की माझ्याकडे बघणं नाही. मी आपला बूट घासतोय, अजून एक चेंडू फेकलेला नाही, आणि तुम्ही मौन पाळायला लागलात पण! तेव्हाच म्हटलं, या म्हाताऱ्याला आज काहीतरी दिसतंय. एवढा भरवसा माझ्यावर घरच्यांनीसुद्धा कधी टाकला नव्हता."

गसनं चेंडू हातात घेतला. त्यावर गवताचा हिरवा डाग होता. दुपारी सांगितलं असतं तर हा माणूस निदान रागावला असता, शिव्या देऊन गेला असता, आणि ते आजच्या या हसण्यापेक्षा कितीतरी बरं झालं असतं.

बाहेरून पोरं ट्रेंटच्या नावानं हाका मारत होती. आजचा पिझ्झा त्याच्याकडून, असं त्यांचं परस्पर ठरलंसुद्धा होतं. "आलो रे," म्हणत ट्रेंट वळला.

"ट्रेंट," गस म्हणाला. "दार लाव."

ट्रेंटनं दाराच्या मुठीला हात घातला आणि तो तसाच उभा राहिला. त्याच्या शर्टातून पाणी ठिबकत होतं.

"जाताना ना, कोच?" त्यानं विचारलं.

"आतून," गस म्हणाला.