डावा स्पीकर

वय झालं म्हणत बाबांनी व्हायोलिन दुरुस्तीची कामं परत पाठवायला सुरुवात केली. घरी बसून निदान गाणी तरी ऐकतील म्हणून मी त्यांना नवे स्पीकर घ्यायला नेलं. दुकानदाराने आधी सगळ्यात स्वस्त जोडी लावली.

“हीच द्या,” बाबा लगेच म्हणाले. “डावा काय स्वच्छ वाजतोय!”

“नवा आहे, वाजणारच. आपला डावा केव्हाचा दबका झालाय.”

“तुलाही दबका वाटतो?”

“सगळ्या घराला वाटतो.”

“मग बोलायला काय झालं होतं, गाढवा?”

डावा कान चोळत ते मोठ्याने हसले आणि तिथूनच एका गिऱ्हाइकाला फोन लावला.

“ते व्हायोलिन आणून द्या हो. वय माझं नाही, स्पीकरचं झालं होतं.”