नव्या सर्व्हरचे तीन दिवस

बुधवारी साडेअकरापर्यंत सतरा तक्रारी झाल्या होत्या, आणि प्रेरणाच्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं.

इस्पितळाची नावनोंदणी, केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, सगळं एकाच जावा अ‍ॅप्लिकेशनवर चालायचं. ते ज्या सर्व्हरवर होतं त्याचा परवाना मार्चअखेर संपणार होता. म्हणून प्रेरणानं दीड महिना खपून तेच अ‍ॅप्लिकेशन दुसऱ्या, फुकट मिळणाऱ्या सर्व्हरवर बसवलं. प्रोग्राम तोच, स्क्रीन तोच. भाडेकरूनं फक्त घर बदललं. सोमवारी, प्रशासक तात्यासाहेबांनी काढलेल्या दहा बेचाळीसच्या मुहूर्तावर, तिनं सगळ्या खिडक्यांना नव्या सर्व्हरकडे वळवणारी फाईलमधली एक ओळ बदलली आणि लगेच तिच्या हातात नारळ देण्यात आला. पुढे तीन दिवसांची चाचणी होती. ती पार पडली तर तिच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी कायम, नाहीतर परत देवगाव रंगारी. तिथं वडिलांनी पेढे आधीच वाटून टाकले होते, हे आणखी एक दुखणं.

नारळ फुटला आणि पाठोपाठ तक्रारींना तोंड फुटलं.

केसपेपरच्या खिडकीवरच्या द्वारकाबाई सांगत होत्या की नाव टाकलं की गोल चक्र फिरतच राहतं. बावीस वर्षं त्या त्याच खिडकीवर होत्या. त्यांच्या शब्दाला इस्पितळात डॉक्टरांइतकं वजन. लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीनं आलेली माणसं रांगेत ताटकळली होती, आणि बाई प्रत्येकाला नव्या सर्व्हरची कुळकथा ऐकवत होत्या. लॅबवाल्यांनी रिपोर्ट वाकडे छापले जातात म्हटलं. औषधाच्या काउंटरवाल्यानं तर अक्षरंच बारीक झाली म्हटलं.

प्रेरणा या खिडकीवरून त्या खिडकीवर पळत होती. मध्येच नव्या सर्व्हरवरच्या चुकांची यादी उघडून बघायची. यादी कोरी होती. चूक एकही नाही, मग बाईंचं चक्र फिरतं कशामुळं? तिला स्वतःचाच राग यायला लागला.

"पोरी, तुझा काय दोष नाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण पहिलं लई झटकन व्हायचं. हे आल्यापासून माझा जीव घाबराय नुसता."

बारा वाजता तात्यासाहेबांनी बोलावलं. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की पेशंट खोळंबलेले त्यांना खपत नाहीत, चाचणी इथंच संपली.

"जुन्यावर परत घ्या, मॅडम. आत्ताच्या आत्ता."

ती सर्व्हरच्या खोलीत गेली. दोन मिनिटांचं काम. तिनं नोंदी उघडल्या, वाचल्या, पुन्हा वाचल्या. शेवटी करायचं ते करून ती बाहेर आली तेव्हा साडेबारा झाले होते.

तीन वाजेपर्यंत एकही फोन आला नाही. रांग ओसरली. लॅबचे रिपोर्ट सरळ छापले जायला लागले. द्वारकाबाईंनी आपल्या डब्यातली भाकरी आणि ठेचा तिच्यापुढे सरकवला, आणि आता कसं पाण्यावानी चाललंय, असं चारदा सांगितलं.

साडेतीनला तात्यासाहेबांनी तिच्या कंपनीसाठी पत्र तयार करवून घेतलं. सर्व्हर बदलताच सगळ्या तक्रारी थांबल्या, काम अतिशय समाधानकारक आहे, असं त्यात होतं. "वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "जुनं ते सोनं."

बदलाची वेळही टाका, अशी तिनं विनंती केली. त्यांनी साडेबारा असं लिहून सही केली, शिक्का मारला आणि पत्र पुढे सरकवलं. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं.

"सोमवारी ओळ मी बदलली, पण लागू करायचीच राहून गेली. चूक माझी," प्रेरणा म्हणाली. "तीन दिवस तुम्ही सगळे जुन्यावरच होता, साहेब. नव्यावर आज साडेबाराला आलात."