एका खाटेचे दोन भाडेकरू

ब्याऐंशी साली खजुराच्या हंगामापुरता ओमानला गेलेल्या नरसिंगला, बरीच वणवण केल्यावर, परवडणारी एक खाट मिळाली. घरमालकानं तीच खाट आणखी एकालाही दिली होती. दोघं तोडक्यामोडक्या हिंदीत भांडले, गुद्द्यांवर आले, आणि नरसिंगनं खजूर तोडायचा कोयता त्याच्या मांडीत घातला.

"मेलो गं माय!" तो ओरडला.

ती मराठी ऐकून नरसिंग थिजलाच. "कुठला रं तू?"

"आळंदचा."

नरसिंग तिथून जवळच्याच मादन हिप्परग्याचा. त्यानं त्याला पाठीवर घेतलं अन् रस्त्यानं पळत सुटला. पण दवाखाना कुठं, हे विचारण्यापुरतीही तिथली भाषा त्याला येत नव्हती. भर चौकात तो रडत उभा राहिला.



पाठीवरून क्षीण आवाज आला, "रडायलास कामून, अण्णा? डावीकडं वळ."