ड्रायव्हरची सीट

जयाकाकूंनी राइट टाउनच्या घराचं गॅरेज उघडलं आणि मी ताडपत्री ओढली. खाली एकोणसत्तर सालची लाल मस्टँग गाडी होती. काकूंच्या इंजिनिअर नवऱ्यानं अमेरिकेतून परतताना ती जहाजानं आणली होती. आता पन्नास वर्षांनी गाडी विकायची होती, पण मीटरवर फक्त अठराशे मैल दिसत होते, आणि आकडा खरा आहे का, ते मला सांगायचं होतं. मदन महलला माझं गाड्या दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. वडिलांनी शिकवलंय, मीटर नको, ड्रायव्हरची सीट बघ. सवयीनं मी उजवं दार उघडलं. सीट पार झिजून स्पंज बाहेर आला होता. “काकू, मीटर फिरवलेलं आहे,” मी ठासून सांगितलं. “ड्रायव्हरची सीट खोटं बोलत नाही.” काकू हसल्या. “ड्रायव्हरची? स्टिअरिंग कुठं दिसून राहिलं तुला?” मी आत वाकले. अमेरिकन गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं, आणि तिथली सीट कोरी करकरीत होती. “मग ही कशी झिजली?” “मुंबईच्या बंदरापासून घरापर्यंत मी इथं बसून आले. पहिल्याच रविवारी भेडाघाटला धबधबा बघायला जाऊ, म्हणाले होते हे. रविवार उजाडायच्या आधीच गेले. तेव्हापासून रोज दुपारी मी इथंच येऊन बसते.” मी चूक कबूल केली. “मीटर खरं आहे, काकू. गिऱ्हाईकाला आजच कळवते.” काकू आपल्या जागेवर बसल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. “घाई काहून करते? पहिले इंजिन सुरू कर. विकायच्या आधी मीटर भेडाघाटपर्यंत वाढवायचं आहे.”